नाशिकची थंडी आणि घरचें मांजर

मार्गशीर्ष लागला कीं नाशकांतल्या ज्या ज्या घरांत मांजर आहे, त्या त्या घरांत एकदां तरी शोधाशोध होते. कालपर्यंत खिडकीच्या कट्ट्यावर अंग पसरून पडणारें जनावर आज हांकेला ओ देत नाहीं. मुलें पलंगाखालीं वांकून पाहतात, कोणी माळ्यावर चढतें, आणि शेवटीं तें सांपडतें तें घड्या घालून ठेवलेल्या गोधड्यांच्या चळतींत, अगदीं मधल्या घडींत, नाक शेपटींत खुपसून. नाशिकचा पारा घसरल्याची बातमी वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशीं येते. मांजराला ती आदल्या रात्रींच कळलेली असते.

मांजर हें मूळचेंच आळशी आणि सुखलोलुप, म्हणून असें करतें, हा समज घरोघरीं आढळतो. लाडावलेलें तें असतें, यांत शंका नाहीं; परंतु गोधडींत शिरण्याचें कारण तें नव्हे. थंडीच्या बाबतींत मांजराच्या देहाचा हिशेब माणसाच्या हिशेबाहून अगदीं निराळा आहे. तो ठाऊक नसल्यामुळें हिंवाळ्यांत मांजरें आणि विशेषतः त्यांचीं पिलें दगावतात, आणि तीं कित्येकदां माणसाच्या उपेक्षेनें नव्हे, तर मायेनेंच दगावतात.

नाशकांत बर्फ पडत नाहीं. तरी महाराष्ट्राच्या मानानें येथील थंडी कडकच म्हटली पाहिजे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेलें. समुद्राची ऊबदार, दमट हवा हिंवाळ्यांत येथवर फारशी पोंचत नाहीं. डिसेंबर-जानेवारींत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. ढग हें जमिनीचें पांघरूण. तें नसलें म्हणजे दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली सारी उष्णता आकाशांत उधळून मोकळी होते. त्यांतच उत्तरेकडचे गार वारे आले म्हणजे पारा झपाट्यानें खालीं येतो. ७ जानेवारी १९४५ रोजीं नाशकांत ०.६ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी उष्णतामानाची नोंद झाली होती. निफाड तालुका तर या बाबतींत शहराच्याहि पुढें. तेथील गहू संशोधन केंद्राचे आंकडे दर हिंवाळ्यांत बातमीचा विषय होतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस त्या भागांत पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. अशा पहाटे पानांवरचें दंव गोठून पांढरें दिसूं लागतें, आणि द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊं नयेत म्हणून बागाईतदार बागेंत शेकोट्या पेटवून रात्र जागतात. नाशिक जिल्ह्यापुरता हिमाचा अर्थ तो एवढाच. आणि त्या शेकोटीशेजारीं मळ्यांतलें मांजर असलें तर त्यांत नवल नाहीं.

आतां मांजराचा हिशेब. प्रत्येक उष्णरक्ताच्या प्राण्याला हवेच्या उष्णतामानाचा एक पट्टा असा असतो कीं, त्या पट्ट्यांत शरीराची ऊब राखण्यासाठीं त्याला वेगळा खर्च करावा लागत नाहीं. पारा त्या पट्ट्याच्या खालीं गेला कीं अंगांत अन्न जाळून उष्णता निर्माण करावी लागते. साधे कपडे ल्यालेल्या माणसाला वीस ते पंचवीस अंशांची खोली सुखाची वाटते. मांजराचा पट्टा सुमारें ३० अंशांपासून सुरू होतो आणि ३८ अंशांपर्यंत जातो. म्हणजे ज्या दुपारीं माणूस पंख्याचें बटण दाबतो, त्या दुपारीं मांजर नुकतें कोठें स्वस्थ होत असतें! डिसेंबरांत नाशकाची रात्र १० अंशांची असली, तर ती मांजराच्या सुखाच्या सीमेहून २० अंश खालीं असते. दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत हा फरक कमी होतो, नाहींसा होत नाहीं. अंगावर केंस आहेत, त्यांचें काय बिघडतें, असें म्हणणाऱ्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, ३० अंशांचा हा आंकडा केंसांसकट आहे.

मांजराला एवढी ऊब कां लागावी, याचें एक उत्तर त्याच्या वंशावळींत आहे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासावरून असें दिसून आलें कीं, जगांतील सर्व पाळीव मांजरें पश्चिम आशियांतील रानमांजरांपासून उत्पन्न झालीं आहेत. सायप्रस बेटावर सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत माणसाच्या शेजारीं पुरलेल्या मांजराचा सांगाडा सांपडला, त्याचा वृत्तान्त २००४ चा. कोरड्या, उन्हानें तापलेल्या मुलखांतला हा प्राणी धान्याच्या कोठारांतील उंदरांच्या मागें माणसाच्या घरांत आला आणि पुढें जगभर पसरला. मुलूख सुटला, पण तेथील ऊन त्याच्या देहाच्या आठवणींतून गेलेलें नाहीं.

दुसरें उत्तर स्वयंपाकघरांत मिळतें. एक तांब्या आणि एक हंडा सारख्याच कढत पाण्यानें भरून शेजारीं शेजारीं ठेवावा. तांब्यांतलें पाणी केव्हांच निवतें. हंड्यांतलें तासाभरानेंहि कोमट असतें. लहान वस्तूच्या पोटांत उष्णतेचा सांठा थोडा आणि त्या मानानें ती बाहेर जाऊं देणारा पृष्ठभाग मोठा. मांजर हा तांब्या आहे, माणूस हा हंडा. त्यांतून मांजराच्या अंगाचें उष्णतामान माणसाहून थोडें अधिकच, ३८ ते ३९ अंशांचें, असतें. तें टिकवायचें, आणि तें चार-पांच किलोंच्या देहानें!

म्हणून तें काय करतें, हें पाहण्यासारखें आहे. पहिली युक्ति म्हणजे पृष्ठभाग कमी करणें. पाय पोटाखालीं घेऊन, पाठीची कमान करून, डोकें मांडीशीं आणून तें स्वतःचा चेंडू करतें आणि वरून शेपटी ओढून घेतें. हिमालयांतील हिमबिबट्या आपल्या लांब, जाड शेपटीचा असाच उपयोग करतो. या चेंडूंत नेमके कोणते अवयव झांकले जातात, हें सयामी मांजराकडे पाहिल्यास चटकन् कळतें. त्याचें अंग फिकें. पण तोंड, कान, पंजे आणि शेपटी मात्र काळसर. याचें कारण असें कीं, त्याच्या केंसांचा रंग बनविणारें द्रव्य अंगाच्या ऊबदार भागांत काम करीत नाहीं, गार भागांतच करतें. आईच्या पोटांत सर्वत्र सारखीच ऊब असल्यामुळें सयामी पिलें पांढरीं जन्मतात आणि जगाच्या गारव्यांत आल्यावर त्यांचे कान-नाक काळवंडूं लागतात. मांजराच्या देहाचे जे भाग लवकर गारठतात, त्यांचा नकाशाच निसर्गानें त्याच्या अंगावर काढून ठेवला आहे. गोधडींत शिरलेलें गल्लींतलें पट्टेरी मांजर तोच नकाशा पाठ असल्याप्रमाणें नेमके ते भाग झांकून घेतें.

दुसरी युक्ति केंस उभारण्याची. कुत्रें दिसलें म्हणजे मांजर फुगतें, तें ज्या बारीक स्नायूंनीं, तेच स्नायू थंडींत केंस ताठ करतात आणि केंसांमध्यें हवेचा थर कोंडला जातो. ऊब ही केंसांत नसून या कोंडलेल्या हवेंत असते. कापूस पिंजलेली गादी ऊबदार कां, याचेंहि कारण हेंच. म्हणूनच भिजलेल्या मांजराची स्थिति वाईट. पाणी शिरलें कीं हवा निघून जाते आणि पांघरूण असून नसल्यासारखें होतें. दंवानें ओलीचिंब झालेली हिरवळ ओलांडतांना मांजर दर पावलागणिक पंजा झटकतें, तो नखरा नव्हे.

बर्फाच्या मुलखांत हेंच दृश्य अधिक ठळक होतें. शिकागो किंवा टोरंटो येथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतूनहि मांजरें पाळलीं जातात, आणि पहिला बर्फ पडला म्हणजे दार उघडून त्यांची गंमत पाहण्याची तेथें चाल आहे. मांजर उंबरठ्यावर येतें, पांढरा पसारा हुंगतें, एक पंजा पुढें टाकतें. तळव्याच्या उघड्या गादीला स्पर्शाची जाणीव फार तीव्र असते. बोटांमधले केंस बर्फ वितळून ओले होतात. पंजा झटकला जातो, मग दुसरा, मग तिसरा, आणि स्वारी घरांत परत. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाच्या १९५७ च्या एका कादंबरींतील बोका तर हिंवाळ्यांत घराचें एकेक दार उघडावयास लावतो. त्यांतल्या एका तरी दाराबाहेर उन्हाळा असेल अशी त्याची खात्री असते. कादंबरीचें नांवहि त्यावरूनच पडलें. सगळींच मांजरें बर्फाला भितात असें मात्र नाहीं. नॉर्वेच्या आणि सैबेरियाच्या थंड प्रदेशांत तयार झालेल्या जातींच्या अंगावर केंसांचा दुहेरी थर असतो आणि बोटांमध्यें केंसांचे झुबके असतात. तीं बर्फांत खुशाल हुंदडतात.

तिसरी युक्ति खाण्याची. अंगांत अधिक जाळावयाचें तर सरपण अधिक हवें. थंडींत मांजर जास्त खातें आणि जास्त झोंपतें, त्यांत हावरटपणा नाहीं. घराबाहेर वावरणाऱ्या मांजराला या दिवसांत थोडें वाढवून घालावें. सोफ्यावरून न उठणाऱ्या मांजराला ती मुभा नाहीं. त्याची थंडी गादीनेंच भागविलेली असते. केंस गळणें आणि दाट होणें हें मात्र थंडीपेक्षां दिवसाच्या लांबीवर अधिक अवलंबून असतें. नाशकांत २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. पण ज्या घरांत रात्रीं अकरापर्यंत विजेचे दिवे जळतात, तेथील मांजराच्या देहाला हिंवाळा आला हें धड कळतच नाहीं, आणि त्याचे केंस बारा महिने गळत राहतात.

जुन्या नाशकांतील वाड्यांत मांजराच्या थंडीचा प्रश्न कोणी सोडविला नव्हता. तो आपोआप सुटलेला होता. स्वयंपाकघरांत चूल होती. रात्रीं निखारे झांकल्यावर वैलापाशीं राख तासन् तास कोमट राही. मागल्या दारीं तांब्याचा बंब असे. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं नाशिकची ख्याति जुनी आहे. पहाटे सर्वांच्या आंघोळी उरकल्या कीं बंबाशेजारची जागा मांजराच्या मालकीची होई. माळ्यावर गवत किंवा गोणपाटें असत. दिवसा माळवदावर ऊन. त्या काळच्या पुष्कळ मांजरांच्या मिशा एका बाजूनें जळालेल्या असत, त्याचेंहि कारण आहे. माणसाच्या कातडीला ४४-४५ अंशांपुढें चटका जाणवूं लागतो. मांजराला तो ५० अंशांच्याहि पुढें गेल्यावर जाणवतो. केंस करपल्याचा वास घरभर सुटला तरी तें निवांत बसून असे. विजेच्या शेगडीपुढें मांजराला मोकळें सोडूं नये, आणि रबरी पिशवींतलें कढत पाणी कपड्यांत गुंडाळल्यावांचून त्याच्या अंगाशीं ठेवूं नये, तें याचसाठीं. अंग भाजेपर्यंत तें हलेलच असें नाहीं.

पुढें चूल गेली, गॅस आला. बंब गेला, विजेची पाणी तापविण्याची टांकी आली, आणि ती भिंतीवर उंच बसली. सारवलेल्या जमिनीच्या जागीं गुळगुळीत फरशी आली. ती उन्हाळ्यांत सुखाची, पण पौषांत पायाला चावणारी. माणसाची सोय झाली, मांजराच्या साऱ्या ऊबेच्या जागा एका पिढींत नाहींशा झाल्या. त्यानें नव्या जागा शोधल्या. शीतकपाटाचा माथा ही त्यांतली एक. आंत गारवा करणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर ऊब मिळते, हें मांजराला कोणी शिकविलेलें नाहीं. परंतु रस्त्यावर राहणाऱ्या मांजराची नवी चूल म्हणजे उभ्या मोटारीचें इंजिन, आणि तीच सर्वांत घातक. रात्रीं उशिरां आलेल्या गाडीचें इंजिन पुष्कळ वेळ गरम राहतें. मांजर चाकावरून आंत चढतें आणि पट्ट्याशेजारच्या कपारींत झोंपी जातें. सकाळच्या पाळीसाठीं सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे निघालेला माणूस अंधारांतच गाडी सुरू करतो. पंखा आणि पट्टा फिरूं लागला म्हणजे मांजराला पळावयाला क्षणाचाहि अवधि मिळत नाहीं. गाडींत बसण्यापूर्वीं बॉनेटवर हातानें दोन-तीन थापा माराव्या आणि दहा आंकडे मोजेपर्यंत थांबावें. एवढ्यानें एक जीव वांचतो, आणि इंजिनांतून जें काढावें लागतें तें पाहण्याची वेळ कोणावर येत नाहीं.

खरी काळजी पिलांची. मांजरीचा माजाचा काळ दिवस वाढूं लागण्याशीं निगडित असला, तरी आपल्याकडे दिवसाची लांबी फारशी बदलत नसल्यामुळें थंडींतहि पिलें जन्माला येतात. जन्मतःच पिलाला स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. पहिल्या आठवड्यांत त्याला धड कुडकुडतांहि येत नाहीं. त्याची सारी ऊब आईच्या पोटाची आणि भावंडांच्या अंगाची. आई शिकारीला गेली आणि एकादें पिलूं घरट्यांतून घरंगळून फरशीवर आलें, तर तें थोड्याच वेळांत गारठून निपचित होतें. अशा वेळीं घरांतील दयाळू माणसें पहिली गोष्ट कोणती करतात? दूध पाजतात. आणि तेथेंच पिलूं हातचें जातें. गारठलेल्या पिलाची आंतडीं काम करीत नाहींत. पाजलेलें दूध पोटांत तसेंच राहतें, कुजतें, किंवा गिळतां न आल्यानें श्वासनलिकेंत शिरतें. आधीं ऊब, मग अन्न, हा क्रम कधींहि उलटूं नये. पिलूं कोरडें करून उघड्या छातीशीं पदराखालीं धरावें, किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून त्याच्या शेजारीं ठेवावी. ऊब सावकाश द्यावी. शेगडीपुढें धरण्याची घाई करूं नये. पिलूं हालचाल करूं लागलें, तोंडांत बोट घातल्यास चोखूं लागलें, म्हणजे मग पाजावें. तेंहि शक्य तोंवर आईचें, नाहीं तर पिलांसाठीं म्हणून मिळणारें दूध. गाईच्या दुधानें बहुतेक पिलांचें पोट बिघडतें. मोठ्या मांजरांपैकींहि पुष्कळांना दूध पचत नाहीं, हें घरोघरच्या आजींना पटणें कठीण आहे. पण खरें आहे.

म्हाताऱ्या मांजराची तऱ्हा वेगळी. दहा-बारा वर्षांच्या मांजराचे सांधे थंडींत आंखडतात. तें पूर्वींसारखें उंच उडी मारीत नाहीं, म्हणून रुसलें आहे असें घरच्यांना वाटतें. त्याची खाण्याची वाटी आणि निजण्याची जागा खालीं, हाताशीं आणून ठेवावी. गार पाणी तें टाळतें आणि मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो. पाणी कोमट करून ठेवल्यास पुष्कळ मांजरें तें आवडीनें पितात.

थंडींत मांजर शिंकूं लागलें कीं माणसाचे उपाय त्याच्यावर करण्याचा मोह होतो. शिंकांचें कारण बहुधा एका मांजराकडून दुसऱ्याला होणारा संसर्ग हें असतें; थंडी त्याला हातभार लावते इतकेंच. छातीला चोळण्याचें मलम, कापूर, निलगिरीचें तेल हीं मांजराला लावूं नयेत. तें अंग चाटतें, आणि अशीं द्रव्यें निरुपद्रवी करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फार थोडी असते. पॅरासिटामॉलची गोळी तर कधींच देऊं नये. माणसाचा ताप उतरविणारी ती गोळी, अर्धीसुद्धां, मांजराचा प्राण घेऊं शकते. कुडकुडणारें मांजर घरीं ऊब देऊन सांवरतां येतें. परंतु अंग गार लागत असून कुडकुडणें थांबलें, हांकेला कान हलेनासा झाला, तर तें बरें झाल्याचें चिन्ह नव्हे. शरीरानें लढणें सोडल्याचें तें चिन्ह आहे. कांबळ्यांत गुंडाळून तडक पशुवैद्य गांठावा.

एरवीं करावयाचें तें फार थोडें आहे. पुठ्ठ्याचें एक खोकें घ्यावें, मांजर जेमतेम मावेल एवढें. मोठें खोकें अंगच्या ऊबेनें तापत नाहीं. एका बाजूला लहानसें दार कापावें, आंत जुनी गोधडी घालावी आणि खोकें फरशीपासून वीतभर उंच, वाऱ्याच्या वाटेंतून दूर ठेवावें. अंगणांत किंवा जिन्याखालीं राहणाऱ्या मांजरासाठीं मात्र गोधडी नको. ती दंवानें ओली होते आणि ओलीच राहते. तेथें भाताचा पेंढा घालावा. तो पाणी धरून ठेवीत नाहीं, आणि इगतपुरी-त्र्यंबकेश्वराकडे भात पिकत असल्यानें तो मिळणेंहि कठीण नाहीं. स्वेटर घालण्याची हौस मुलांची असते, मांजराची नव्हे. त्याला अंग चाटतां येत नाहीं आणि केंस उभारतां येत नाहींत.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करीत जाते असें म्हणतात. पण नाशकांत फेब्रुवारींत दुपार ३० अंशांची आणि पहाट बारा-तेरा अंशांची, असा एकाच दिवसाचा प्रकार असतो. या दिवसांत मांजर सकाळीं पूर्वेच्या खिडकींत, दुपारीं न्हाणीघराच्या गार फरशीवर आणि रात्रीं पुन्हां गोधडींत दिसतें. दुपारच्या त्या दृश्यावर भरवंसा ठेवून खोकें लगेच अडगळींत टाकूं नये. होळीपर्यंत तें जागच्या जागीं असूं द्यावें.